लस टोचूनही लाळ्या-खुरकूत आला, मग चुकतं कुठे?

गोठेकरी

नमस्कार मंडळी. आमचं गाव अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दुधाच्या पट्ट्यात. घरटी चार-पाच संकरित गाई, दोन वेळचं दूध डेअरीला, त्यावरच घर चालतं. गेल्या फेरीला गावात लाळ्या-खुरकुताचं लसीकरण झालं, कानाला बिल्ले मारले, नोंदी झाल्या. आणि महिन्याच्या आत खालच्या वस्तीवर रोग आला. आधी एका गाईने वैरण सोडली, कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तोंडातून तारेसारखी लाळ आणि ओठांचा मचमच आवाज. जीभ बाहेर ओढून पाहिली तर वरचं कातडं सोलून हातात आलं. खुरांच्या बेचक्यात फोड, सडांवर फोड, धार काढायला बसलं की लाथ. आठवड्यात अख्खी वस्ती.

आता गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो लस निकामी होती. दुसरा म्हणतो लसीनेच रोग आणला. पुढच्या फेरीला निम्मं गाव जनावरं पुढे करणार नाही, हे मला आत्ताच दिसतंय. माझं मत स्पष्ट आहे: लस सोडली तर आपण बुडणार. पण नुसती लस टोचून भागत नाही हेही खरं. बाकी काय करायचं आणि ते सगळ्या गावाकडून कसं करून घ्यायचं, यावर अनुभव हवेत.

सांगोलेकर

आधी दोन गोष्टी सांगा. याआधीच्या फेऱ्यांत पहिल्यांदाच लस घेतलेल्या कालवडींना महिन्याने बूस्टर मिळाला होता का? आणि रोग आला त्याआधी वस्तीवर कुणी नवीन जनावर आणलं होतं का?

गोठेकरी

बूस्टर बहुतेकांना नाही. आणि हो, एकाने बाजारातून गाय आणली होती, लसीकरणाच्या दोनच दिवस आधी.

सांगोलेकर

मग उत्तर मिळालं की.

धारवाली

इतकं सोपं नाहीये दादा. लोक लस का टाळतात तेही बघा. आमच्याकडे लस टोचली की दोन-तीन दिवस गाय थोडी मलूल राहते, दूध घटतं. चार गाई एकदम टोचल्या तर त्या आठवड्याच्या बिलात ते दिसतं. डेअरीचा हप्ता, पेंडेची उधारी त्याच बिलातून जाते. म्हणून टोचणारे आले की गाभण आणि दुभत्या गाई मळ्यात नेऊन बांधायच्या आणि भाकडं पुढे करायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कागदावर गाव पूर्ण होतं आणि खऱ्या दुभत्या गाई कोऱ्याच राहतात.

आणि गोठा बाईच्या हाताखाली असतो, निरोप मात्र बाप्याला जातो. टोचणारे सकाळी दहाला येतात तेव्हा घरातले पुरुष दूध घालून परस्पर रानात गेलेले असतात. आम्हाला आदल्या दिवशी सांगा, आम्ही गाई दावणीला धरून ठेवतो.

माणदेशी

+१. ताईंनी नेमकं सांगितलं.

पशुवैद्य_निवृत्त

या विषयात नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लसीने रोग येत नाही. लाळ्या-खुरकुताची आपल्याकडची लस मारलेल्या विषाणूची आहे, त्यात आजार करण्याची ताकद उरलेली नसते. मग लस दिल्यावर लगेच रोग दिसतो तो का? विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन दिवसांपासून दोन आठवडे जातात. बाजारातून आलेली ती गाय बहुधा रोग घेऊनच आली. शेजारच्या गाईंना तो लागला आणि नेमक्या त्याच दिवसांत लस टोचली गेली. लसीची ताकद अंगात यायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर विषाणू पुढे निघून गेलेला असतो.

दुसरं म्हणजे सुई. आजारी गोठ्यातून निघून तीच सुई, तेच हात, तेच बूट घेऊन पुढच्या गोठ्यात गेलं तर टोचणारा माणूसच रोग वाहून नेतो. दर जनावराला नवी सुई हा नियम आहे आणि तो मागून घेणं हा पशुपालकाचा हक्क आहे. गाय धरून उभे राहता तेव्हा सुई बदलली का ते बघा, नसेल तर तिथेच थांबवा.

तिसरं, थंडी. ही लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. उन्हात तापली तर गेली, आणि गोठली तरीही गेली. बर्फाच्या लादीला चिकटून बाटली गोठली तर ती फेकायचीच. टोचणाऱ्याकडे बर्फाचा डबा आहे का, बाटली त्यातून निघते की खिशातून, एवढं तरी प्रत्येकाला बघता येतं.

चौथं, व्याप्ती. गावातली ऐंशी टक्क्यांच्या वर जनावरं एकाच आठवड्यात टोचली गेली तर विषाणूला पुढचं जनावर सापडत नाही. निम्मी टोचून दर सहा महिन्यांनी तीच निम्मी टोचत बसलो तर ते अर्ध्या बांधाला कुंपण घातल्यासारखं आहे.

धारवालीताई, दूध घटतं हे खरं आहे, ते दोन-चार दिवसांत भरून येतं. खुरकूत होऊन गेलेली गाय मात्र पुष्कळदा त्या वेतात पहिल्या दुधावर येतच नाही. काही गाई पुढे उन्हात धापा टाकत राहतात, अंगावर केस वाढतात, वेळेवर माजावर येत नाहीत. हा हिशेब बिलाच्या कागदावर दिसत नाही, म्हणून लोक तो धरत नाहीत.

मेंढका

डॉक्टरसाहेब, शेळ्या-मेंढ्यांचं काय? आम्ही मेंढरं घेऊन कोकणात उतरतो, पावसाळ्याला वर येतो. रस्त्यात चार गावांच्या पाण्यावर थांबतो. गाववाले म्हणतात मेंढरांनी रोग आणला. आमच्या मेंढरात तर लाळ गाळताना कधी दिसत नाही.

पशुवैद्य_निवृत्त

मेंढरात लक्षणं सौम्य असतात, थोडी लंगडतात इतकंच. त्यामुळे रोग असला तरी कळत नाही. म्हणूनच २०१९ च्या सप्टेंबरात मथुरेतून जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला त्यात गाई-म्हशींबरोबर शेळ्या, मेंढ्या, डुकरंही धरली आहेत. मेंढपाळांच्या वाड्यावर दोष देऊन काही मिळत नाही. वाडा निघण्याआधी तुमच्या गावात खुरकुताची लस आणि पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) वेगळी लस करून घ्या, दाखला जवळ ठेवा. पीपीआरची लस फार चांगली आहे, एका टोचणीत कित्येक वर्षं भागतं.

मेंढका

दाखला असला की पाण्यावर कुणी अडवत नाही हा अनुभव आहे. बाकीच्या वाड्यांनाही सांगतो.

शर्यतीचा_नाद

सगळं पटलं, पण साथ आली की पहिला वरवंटा बैलांच्या बाजारावर आणि शर्यतींवर का? २०२२ ला आठवतंय ना? कोर्टाने नुकतीच शर्यतींना परवानगी दिली होती आणि लंपीने, त्या अंगावर गाठी येणाऱ्या रोगाने, बंद पाडल्या. बैल सांभाळणाऱ्याने महिनोन् महिने खुराक घालून नुसतं बघत बसायचं. दुधाचे टँकर मात्र गावोगाव फिरतात, त्यांना कुणी विचारत नाही.

पशुवैद्य_निवृत्त

टँकरचा मुद्दा बरोबर आहे. खुरकुताचा विषाणू लक्षणं दिसायच्या आधीपासून दुधात उतरतो. आजारी गोठ्यातला कॅन संकलन केंद्रावर दहा कॅनांना घासतो, त्याच ओल्या फरशीवरून सगळे चप्पल घालून परत गोठ्यात जातात. साथीत आजारी गोठ्याचं दूध वेगळं ठेवलं पाहिजे, कॅन बाहेरूनही धुतला पाहिजे.

पण बाजार बंद करण्यावर मी ठाम आहे. पाच जिल्ह्यांतली जनावरं एका मैदानात दावणीला दावण लावून उभी राहतात आणि संध्याकाळी पन्नास गावांत पांगतात. विषाणूला याहून सोपी वाट नाही. २००९ चा प्राण्यांमधील संक्रामक रोगांचा कायदा आहे तो यासाठीच. नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं की जनावरांची ने-आण, बाजार, जत्रा थांबतात.

शर्यतीचा_नाद

थांबवा, पण कधी उघडणार ते तरी वेळेत सांगा. अनिश्चित बंदी घातली की लोक रात्री टेम्पोतून जनावरं हलवतात. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही, होतं ते सांगतोय. तारीख माहीत असेल तर माणूस कळ काढतो.

धारवाली

हे मात्र पटलं.

तापीकाठ

लंपीचा विषय निघालाच आहे तर आमच्या जळगाव जिल्ह्याचं सांगतो. २०२२ ला राज्यात पहिली जनावरं रावेर तालुक्यात चिनावलला सापडली, ऑगस्टच्या सुरुवातीला. त्या आधी गुजरात आणि राजस्थानात गाई मरून पडल्याचे फोटो रोज येत होते. आमच्याकडे केळीच्या बागा, पाणी साचलेलं, डास-माश्या मुबलक. अंगावर लिंबाएवढ्या गाठी, पाय सुजून हत्तीसारखे, गळ्याखालच्या पोळीला सूज. काही गाठी फुटल्या की आत बोट जाईल एवढं भोक.

लस शेळ्यांच्या देवीची दिली होती, गाईंना. त्यावर लोकांनी केवढा गोंधळ घातला, ‘बकरीची लस गाईला कशी चालेल’ म्हणून. पण चालली. ज्या आळीत वेळेत टोचलं तिथे गाठी आल्या त्या हलक्या, जनावर उठलं.

पशुवैद्य_निवृत्त

लंपीचा, शेळ्यांच्या देवीचा आणि मेंढ्यांच्या देवीचा असे तिन्ही विषाणू एकाच कुळातले, म्हणून एकाची लस दुसऱ्याला आडवी येते. बाधित गावापासून पाच किलोमीटरच्या परिघात टोचायचं असा क्रम होता, नंतर सगळ्याच गोवंशाला. राज्यात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंश आहे, त्या मानाने ते काम वेगाने झालं. त्याच ऑगस्टात हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी मिळून केलेली खास लंपीची लस जाहीर झाली, पुढे तिचं तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या औंधमधल्या पशुजैव संस्थेलाही मिळालं.

एक फरक ध्यानात घ्या. खुरकूत श्वासातून, लाळेतून, दुधातून, चपलेतून जातो. लंपी मुख्यतः डास, चावऱ्या माश्या आणि गोचिडांमधून. तिथे फक्त गोठ्याच्या दारात औषधी पाणी ठेवून उपयोग नाही. उकिरडा गोठ्यापासून लांब, मूत्र साचू न देणं, गोचिडांवर फवारणी करताना भिंतीच्या फटीसुद्धा धरणं, संध्याकाळी कडुलिंबाचा धूर आणि आजारी जनावराला मच्छरदाणी.

कोयनाकाठ

आणि २०२३ ला परत आली तेव्हा वासरं धरली. मोठ्या गाई लस घेतलेल्या होत्या, वासरांकडे कुणी बघितलंच नव्हतं. आमच्या शेजारी दोन खोंडं गेली.

शासनाने २०२२ ला मदत दिली होती, गाईला ३० हजार, बैलाला २५, वासराला १६. पण त्यासाठी पंचनामा लागायचा आणि गावाकडे जनावर मेलं की पहिलं पुरायची घाई. कळवल्याशिवाय पुरू नका, हे सगळ्यांना सांगा.

पोल्ट्री_नवापूर

गाईवाल्यांनो, रागावू नका, पण तुमच्या गोठ्यात कुणीही येतं. पाहुणा, व्यापारी, रेतनवाला, डेअरीचा सुपरवायझर, सगळे चपलांसकट गाईच्या तोंडापाशी. आमच्या नवापूरला २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, रस्त्यावर पांढरे पोशाख घातलेली माणसं, गावाचं नाव बदनाम. २०२१ ला पुन्हा तेच. तेव्हापासून माझ्या शेडमध्ये सख्खा भाऊ आला तरी बूट बदलल्याशिवाय आत नाही. खाद्याची गाडी फाटकाबाहेर उभी राहते, चाकांवर फवारा. मेलेला पक्षी उघड्यावर टाकायचा नाही, खड्डा आणि चुना. आमच्याकडे लसीचा आधार नव्हता, म्हणून बंदोबस्त शिकावाच लागला.

माणदेशी

आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा आणि मग गोठा दाखवायची रीत. आता आधी सोड्याचं पाणी, मग गोठा, मग चहा. सासरेबुवा दोन दिवस रुसले होते. 😄

गोठेकरी

माणदेशी, सोडा कोणता? खाण्याचा का?

पशुवैद्य_निवृत्त

नाही, धुण्याचा. खाण्याच्या सोड्याने हा विषाणू मरत नाही. धुण्याचा सोडा, एक लीटर पाण्याला ४० ग्रॅम. खुरकुताच्या विषाणूला आम्लही सोसत नाही आणि तीव्र अल्कलीही. दारात गोणपाट भिजवून ठेवा, पण त्यावर शेण साचलं की पाणी निकामी. म्हणून आधी पायाचं शेण साध्या पाण्याने काढायचं, मग सोड्यात पाय. रोज बदलायचं. लंपीला सोडियम हायपोक्लोराइट वापरा, तेही शेण धुऊन झाल्यावर.

बर्लिनकर

मूळचा फलटणचा, आता इथे नोकरीला. इथल्या अनुभवाची भर घालतो. २०२५ च्या जानेवारीत बर्लिनच्या वेशीवर ब्रांडेनबुर्गमध्ये पाणम्हशींच्या कळपात खुरकूत निघाला. जर्मनीत १९८८ नंतर पहिल्यांदाच. कळपातल्या उरलेल्या सगळ्या म्हशी मारल्या, पूर्ण राज्यात जनावरांची वाहतूक थांबवली, बर्लिनमधली दोन्ही प्राणिसंग्रहालयं लोकांना बंद केली. ऑफिसमधल्या लोकांना हा रोग काय ते माहीतच नव्हतं. मी मात्र लहानपणी आजोळी गाईच्या खुरांत डांबर भरताना पाहिलेलं.

युरोपात १९९२ पासून नेहमीचं लसीकरण बंद आहे. त्यामुळे एक जनावर सापडलं तरी इतकी धावपळ. २००१ ला ब्रिटनमध्ये साठ लाखांवर जनावरं मारली होती. आपल्याकडे तसं करणं शक्यही नाही आणि कुणाला मान्यही होणार नाही. म्हणून आपल्याला लस हाच मुख्य आधार आहे. पण त्यांची एक गोष्ट घेण्यासारखी: कुठलं जनावर कुठून कुठे गेलं याची नोंद. ती असली की रोग कुठे कुठे गेला असेल याचे धागे लवकर शोधता येतात.

सांगोलेकर

आपल्याकडे बारा आकडी बिल्ला त्यासाठीच आहे. पण गाय विकली की पहिलं काम बिल्ला कापायचं. घेणाराही विचारत नाही.

जुनाजाणता

माझं वय ७८. आमच्या लहानपणी बुळकांडीचं नाव काढलं तरी घरात सुतक यायचं. डोळ्यांतून पाणी, तोंडात चट्टे, मग जुलाब, आणि चार-सहा दिवसांत दावण रिकामी. आज तिशीतल्या पोरांना हा रोग ऐकूनही माहीत नाही. १९९५ नंतर देशात दिसला नाही, २००६ मध्ये भारत मुक्त जाहीर झाला आणि २०११ मध्ये सगळ्या जगातून गेला. लसीने गेला. आणि ज्या संस्थेने या देशात हे काम उभं केलं ती आज इज्जतनगरला असली तरी १८८९ मध्ये सुरू झाली ती आपल्या पुण्यात.

मग लाळ्या-खुरकूत का जात नाही? डॉक्टरांनी सांगावं.

पशुवैद्य_निवृत्त

काका, फार महत्त्वाचा प्रश्न. बुळकांडीचा विषाणू एकाच प्रकारचा, एकदा लस घेतली की जनावर जवळजवळ जन्मभर सुरक्षित. बरं झालेलं जनावर विषाणू बाळगत नाही. खुरकुताचं उलट. आपल्याकडे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार फिरतात, एकाची ताकद दुसऱ्याला चालत नाही, म्हणून लसीत तिन्ही घालावे लागतात. ताकद टिकते जेमतेम सहा महिने. आणि बरी झालेली गाय-म्हैस घशात विषाणू महिनोन् महिने बाळगू शकते. म्हणून वर्षातून दोनदा, न चुकता. दोन फेऱ्यांमध्ये एक फेरी बुडाली की मागची मेहनत गेली.

जाता जाता ब्रुसेलाबद्दल, म्हणजे गाईला गर्भ फेकायला लावणाऱ्या रोगाबद्दल. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासराला आयुष्यात एकदाच ही लस देतात. तो रोग माणसाला होतो, गर्भ फेकलेल्या गाईचा वार उघड्या हाताने काढू नका, कच्चं दूध पिऊ नका. लंपीच्या वेळी लोकांनी दूध ओतून दिलं, तो रोग माणसाला होत नाही. आणि ब्रुसेला, जो खरंच होतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

ऊसपट्टा

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. दिवाळीच्या तोंडावर बीड, धाराशिवकडून बैलगाड्या आमच्याकडे ऊसतोडीला येतात. फडावर शेकडो बैल एकत्र, हौद एकच, आणि हंगाम संपला की सगळे आपापल्या गावी. खुरकूत आला तर टोळीवाल्याचं सगळंच संपतं. बैल बसला की गाडी बंद, गाडी बंद की आगाऊ घेतलेली उचल अंगावर. लंपीच्या वर्षी आमच्या भागात बैल टोचल्याचा दाखला बघून मगच अड्ड्यावर घेत होते. तसं दरवर्षी व्हावं, साथ असो वा नसो. आणि लस गावाकडून निघायच्या महिनाभर आधी, इथे पोचल्यावर नाही.

गोठेकरी

सर्वांचे आभार. काल हा धागा छापून दूध संस्थेच्या बैठकीत वाचून दाखवला. वादावादी झाली, पण चार गोष्टी ठरल्या. पुढच्या फेरीची तारीख आठवडाभर आधी फलकावर आणि बचत गटाच्या बायकांच्या ग्रुपवर. टोचल्यानंतर चार दिवस दूध कमी आलं तरी संस्था त्या बिलातून पेंडेचा हप्ता कापणार नाही, पुढच्यातून कापेल. यावर सर्वात जास्त भांडण झालं आणि हेच झाल्यावर सगळे तयार झाले. सुया संस्था स्वतः पुरवणार. आणि बाजारातून आणलेली गाय २१ दिवस वेगळी, तिचं पाणी-वैरण शेवटी, धार शेवटी.

अडलंय एकाच ठिकाणी. ज्यांचा गोठा दहा बाय बाराचा आहे त्यांनी नवी गाय वेगळी बांधायची कुठे?

कोयनाकाठ

आमच्याकडे संस्थेच्या मागे पडीक जागेत पत्र्याची दोन खोपटी केलीत. ज्याची गाय त्यानेच सांभाळायची, भाडं नाही. गावच्या वाऱ्याखाली आणि ओढ्यापासून लांब बघून बांधा.

धारवाली

आणि तिथे जायला वेगळ्या चपला आणि वेगळी बादली. तीच बादली घरच्या गाईला आणली तर खोपट्याचा उपयोग काय?

पशुवैद्य_निवृत्त

गोठेकरी, एक राहिलं. अजून कुठल्या गाईला ताजा, न फुटलेला फोड असेल तर आजच दवाखान्याला कळवून नमुना घ्यायला लावा. पुण्याच्या रोग अन्वेषण विभागामार्फत तो भुवनेश्वरच्या संस्थेपर्यंत जातो, आणि तीनपैकी कोणता प्रकार आला, तो लसीतल्या विषाणूशी जुळतो का, हे तिथेच कळतं. तुमच्या गावातल्या ‘लस निकामी होती’ म्हणणाऱ्या तटाला अंदाजाने उत्तर देऊ नका. फोड फुटून वाळले की नमुन्यात फारसं काही मिळत नाही.

गोठेकरी

वरच्या आळीत आज सकाळी एक गाय लागलीय, जिभेवर फोड अजून भरलेला आहे. आत्ताच १९६२ ला, जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकाला, फोन लावतो.